प्रोग्राम चालला, म्हणजे बरोबर आहे काय?

गेल्या वर्षीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मला वीसपैकी वीस गुण मिळाले आणि माझ्या शेजारी बसलेल्या मित्राला चौदा. माझा प्रोग्राम चुकीचा होता आणि त्याचा बरोबर होता. ही गोष्ट तेव्हा ना मला ठाऊक होती, ना त्याला, ना परीक्षकांना. मला ती कळली दोन महिन्यांनंतर, आणि तेव्हापासून ते वीस गुण मला बोचत आहेत. मिळालेले गुण परत करण्याची सोय आपल्याकडे नाही. निदान ते का चुकीचे होते हे चारचौघांसमोर सांगावे, आणि ही चूक एकट्या माझी नसून आपल्या शिकण्याच्या व शिकवण्याच्या पद्धतीची कशी आहे तेही सांगावे, या हेतूने हा लेख लिहीत आहे. कला आणि वाणिज्य शाखेच्या वाचकांनी ‘हा संगणकवाल्यांचा विषय’ म्हणून पान उलटू नये, एवढी विनंती. विषय यंत्राचा असला तरी प्रश्न विश्वासाचा आहे.

परीक्षेतील प्रश्न साधा होता. प्रोग्रामचे दोन भाग करायचे. संगणकाच्या भाषेत त्यांना थ्रेड म्हणतात. दोन्ही एकाच वेळी, स्वतंत्रपणे धावतात. पहिल्याने फाईलमधून एकेक आकडा वाचून एका सामाईक जागेत ठेवायचा आणि दुसऱ्याने तो उचलून बेरजेत मिळवायचा. मी काय केले? एक निशाण ठेवले. पहिला थ्रेड आकडा ठेवतो आणि मग निशाण वर करतो. दुसरा निशाण वर गेलेले दिसेपर्यंत वाट पाहतो, आकडा उचलतो आणि निशाण खाली करतो. झाले काम. माझ्या मित्राने मात्र सामाईक जागेला हात लावण्यापूर्वी दर वेळी कुलूप लावले आणि काम होताच ते काढले. हे म्यूटेक्स नावाचे कुलूप बहुतेक भाषांत तयार मिळते.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोन्ही प्रोग्राम चालवून पाहिले. दोघांची बेरीज सारखीच आली, पण माझा प्रोग्राम बराच लवकर संपला. परीक्षक मित्राला म्हणाले, “एवढी कुलुपे कशाला? चोर येणार होते काय?” सगळे हसले, मीही हसलो. गुणपत्रिका लागली तेव्हा आपण फार हुशार आहोत असे मला वाटले.

पुढे सुट्टीत माझ्या मावसभावाने हौसेने घेतलेला तळहाताएवढा एक संगणक हाती आला. त्यात एआरएम जातीचा प्रोसेसर होता; आपल्या मोबाईल फोनमध्ये असतो त्याच कुळातला. सहज गंमत म्हणून माझा वीस गुणांचा प्रोग्राम मी त्यावर चढवला. बेरीज बरोबर आली. पुन्हा चालवला, पुन्हा बरोबर. काही वेळा चालवल्यावर ती एकदा चुकली. आकडे तेच, प्रोग्राम तोच, उत्तर वेगळे. प्रथम वाटले की यंत्रच बिघडले असावे. पण मित्राचा प्रोग्राम त्याच यंत्रावर रात्रभर चालवला आणि तो एकदाही चुकला नाही. तेव्हा मात्र माझी झोप उडाली.

माझी चूक कोठे होती? प्रोग्रामच्या एखाद्या ओळीत नव्हती. ती माझ्या डोक्यातील एका चित्रात होती. संगणकाची मेमरी म्हणजे वर्गातील फळा, असे मी समजत होतो. फळा एक. कोणीही खडूने लिहिले की त्याच क्षणी ते सर्वांना दिसते, आणि आधी लिहिलेले आधी, नंतर लिहिलेले नंतर. आपली बहुतेक पाठ्यपुस्तके हेच चित्र गृहीत धरून चालतात. ते गृहीत आहे, हे मात्र सांगत नाहीत.

या चित्राला शास्त्रशुद्ध रूप दिले ते लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने, १९७९ साली. त्याची व्याख्या थोडक्यात अशी: अनेक प्रोसेसर एकाच मेमरीवर काम करीत असले, तरी निकाल असा यावा, की जणू सर्वांच्या सर्व क्रिया कोणत्या तरी एका रांगेत, एकामागून एक घडल्या, आणि त्या रांगेत प्रत्येक प्रोसेसरच्या क्रिया त्याच्या प्रोग्राममध्ये लिहिलेल्या क्रमानेच याव्यात. याला सिक्वेन्शियल कन्सिस्टन्सी म्हणतात. मराठीत ‘अनुक्रमी सुसंगती’ म्हणू. लॅम्पोर्ट यांना पुढे २०१३ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. व्याख्या वाचताना ‘यात सांगण्यासारखे काय आहे, असेच तर असणार’ असे वाटते. खरी मेख तेथेच आहे. आपण रोज वापरतो त्या यंत्रांपैकी जवळजवळ कोणतेही हे वचन आपोआप देत नाही.

असे का, हे समजण्यासाठी बाजारात जाऊ. समजा, बेळगावच्या रविवार पेठेत दोन भावांचे साखरेचे दुकान आहे. दुकानाची मोठी वही एकच; ती आतल्या खोलीत असते. गिऱ्हाइकांची गर्दी असताना प्रत्येक नोंदीसाठी आत जाणे परवडत नाही, म्हणून प्रत्येक भाऊ आपल्या गल्ल्यावरच्या चिठ्ठीवर नोंद करतो आणि फुरसत मिळताच ती मोठ्या वहीत चढवतो. हिशेब चुकत नाही, कारण प्रत्येकजण आधी आपली चिठ्ठी पाहतो आणि मग वही. स्वतःपुरते पाहिले तर कोणालाच फरक जाणवत नाही.

आता दुकानात साखरेचे शेवटचे एक पोते उरले आहे. दोघा भावांनी नियम ठरवला आहे: पोते विकण्यापूर्वी आपले नाव लिहायचे, मग दुसऱ्याचे नाव आहे का ते पाहायचे, असेल तर विकायचे नाही. नोंद थेट वहीत होत असती तर एक पोते दोघांनी विकणे अशक्य होते, कारण ज्याचे नाव नंतर लिहिले गेले त्याला पहिल्याचे नाव दिसणारच. पण दोघांनीही नाव लिहिले ते आपापल्या चिठ्ठीवर. दोघांनी वही पाहिली, वही कोरी. दोघांनीही पोते विकले! कोणी खोटे बोलले नाही, कोणी नियम मोडला नाही, तरी संध्याकाळी दोन गिऱ्हाइके एका पोत्यासाठी भांडत दारात उभी.

प्रोसेसरमधील या चिठ्ठीला स्टोअर बफर म्हणतात. तिची गरज खरी आहे. मुख्य मेमरीपर्यंत जाऊन येण्यास जो वेळ लागतो तेवढ्यात आजचा प्रोसेसर शेकडो आज्ञा उरकू शकतो. प्रत्येक नोंदीपाशी तो थांबून राहिला तर एवढा वेगवान प्रोसेसर घेऊन उपयोग काय? ही आजकालची युक्तीही नव्हे. आयबीएमच्या सिस्टिम ३७० या १९७० च्या दशकातील यंत्रांच्या नियमांतही अशी सवलत होती. आज आपल्या प्रयोगशाळांतील इंटेल किंवा एएमडी जातीच्या संगणकांत दोन भावांचा हा घोळ प्रत्यक्ष घडतो. मी स्वतः दहा-पंधरा ओळींचा प्रोग्राम लिहून तो पाहिला आहे.

आणि आता ज्याने त्याने आपली परीक्षेची वही उघडून पाहावी. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात ‘पीटरसनची रीत विशद करा’ हा प्रश्न किती वेळा येतो! गॅरी पीटरसन यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही रीत फार सुंदर आहे: दोन थ्रेडपैकी एका वेळी एकानेच आत जावे यासाठी दोन निशाणे आणि ‘पाळी कोणाची’ सांगणारा एक चल, एवढ्यावर काम भागते. तिची सिद्धता आपण पाठ करतो. पण ती रीत म्हणजे आपल्या दोन भावांचाच नियम होय: आधी आपले निशाण वर कर, मग दुसऱ्याचे पाहा. अनुक्रमी सुसंगती असलेल्या यंत्रावर ती अचूक आहे. पुस्तकात दिली आहे तशी जर प्रयोगशाळेतील संगणकावर चालवली, तर केव्हा ना केव्हा दोघेही आत शिरतात. ती खरी करायची तर निशाण वर करणे आणि दुसऱ्याचे पाहणे यांच्यामध्ये फेन्स नावाची खास आज्ञा घालावी लागते. तिचा अर्थ: ‘चिठ्ठीवरचे सारे वहीत चढल्याशिवाय पुढे जाऊ नको.’ सिद्धतेला दहा गुण आणि या एका ओळीला शून्य, हा कोठला न्याय?

इंटेल व एएमडीच्या यंत्रांत निदान चिठ्ठीवरील नोंदी क्रमाने वहीत चढतात. वरची ओळ आधी, खालची नंतर. म्हणूनच माझा निशाणवाला प्रोग्राम परीक्षेत तरला. एआरएम आणि आयबीएमच्या पॉवर जातीच्या प्रोसेसरांना एवढेही बंधन नाही. खालची ओळ आधी चढू शकते. वाचणाराही क्रम सोडून वाचू शकतो. अर्थात एकाच जागेपुरते पाहिले तर सर्व प्रोसेसरांचे एकमत असते. बखेडा असतो तो दोन वेगवेगळ्या जागांच्या क्रमाचा. माझ्या प्रोग्राममध्ये आकडा आधी आणि निशाण नंतर लिहिले होते, पण दुसऱ्या थ्रेडला निशाण आधी दिसले. आकडा अजून वाटेतच होता. त्याने बिचाऱ्याने आधीचाच जुना आकडा उचलून बेरजेत मिळवला.

शिवाय क्रम मोडणारा प्रोसेसर हा एकटाच नव्हे. आपण लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणारा कंपायलरही आपल्या परीने वेग साधत असतो. परीक्षेत मी त्याला वेग वाढवण्याची सूचना दिली नव्हती. नंतर तीच सूचना देऊन पाहिली, तेव्हा माझा प्रोग्राम प्रयोगशाळेतील त्याच संगणकावर कायमचा अडकून बसला. कंपायलरने विचार केला, ‘हा थ्रेड निशाण नुसते पाहतो आहे, स्वतः बदलत नाही, मग पुन्हा पुन्हा मेमरीकडे कशाला जायचे?’ त्याने निशाण एकदाच पाहिले आणि तेच उत्तर धरून ठेवले. त्याचे काही चुकले नाही. दुसरे कोणी ते निशाण बदलणार आहे, हे मी त्याला सांगितलेच नव्हते.

‘हे विद्यार्थ्यांचे झाले; जाणकारांना हे सारे माहीत असणार’ असे कोणी म्हणेल. तर जाणकारांच्या दोन हकीकती सांगतो. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम घडवणाऱ्या मंडळींत १९९९ साली एक वाद झाला. इंटेलच्या प्रोसेसरवर कुलूप काढताना महागडी खास आज्ञा वापरावी लागते, की साधी नोंद पुरते? खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांनी साधी नोंद चालणार नाही असे मत दिले. पुढे इंटेलच्याच एका तज्ज्ञाने ती चालेल असे सांगितले, तेव्हा मत फिरले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्या काळी प्रोसेसरच्या छापील माहितीपुस्तकात या प्रश्नाचे निःसंदिग्ध उत्तर सापडत नव्हते. केंब्रिजचे पीटर स्युएल व त्यांचे सहकारी यांनी या जातीच्या प्रोसेसरांचे नियम गणिताच्या काटेकोर भाषेत मांडले, तोपर्यंत २०१० साल उजाडले होते.

दुसरी हकीकत जावाची. जावा ही पहिल्यापासून थ्रेड आणि मेमरीचे नियम लेखी देणारी भाषा. पण ते मूळचे नियमच सदोष असल्याचे विल्यम प्यू आदी संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले. एखादी वस्तू एकदाच तयार करायची आणि दर वेळी कुलूप लावण्याचा खर्च वाचवायचा, अशी एक युक्ती तेव्हा फार लोकप्रिय होती. पुस्तकांतून ती आदर्श म्हणून छापली जात असे. तीत अर्धवट तयार झालेली वस्तू दुसऱ्या थ्रेडच्या हाती पडू शकते, असे निष्पन्न झाले. दुरुस्त केलेले नियम २००४ मध्ये जावाच्या पाचव्या आवृत्तीबरोबर आले. सी आणि सी प्लस प्लस या भाषांच्या प्रमाणग्रंथांत तर २०११ पर्यंत थ्रेडचा उल्लेखच नव्हता! तोवर जगभर या भाषांत लिहिलेले थ्रेडचे प्रोग्राम कोणत्या आधारावर उभे होते? ‘चालतो आहे ना’ या आधारावर. म्हणजे माझ्या वीस गुणांच्याच आधारावर.

मग यातून मार्ग कोणता? मार्ग आहे, आणि तो काढणाऱ्यांत आपल्या मुंबईच्या आयआयटीतून १९८७ साली पदवी घेऊन गेलेल्या सरिता अडवे यांचे नाव अग्रभागी आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात मार्क हिल यांच्यासह १९९० मध्ये त्यांनी मांडलेला विचार असा: हा प्रश्न यंत्राचा किंवा प्रोग्रामरचा एकट्याचा नाही, तो दोघांमधील कराराचा आहे. प्रोग्रामरने एक बाजू पाळावी. दोन थ्रेड एकाच जागेला हात लावणार असतील आणि त्यांतील एक जरी लिहिणार असेल, तर ती जागा उघड्यावर सोडू नये. कुलूप लावावे किंवा ‘ही जागा सामाईक आहे’ अशी खूण करावी. एवढे केले, की यंत्राने आपली बाजू पाळावी: असा प्रोग्राम जणू वर्गातील फळ्यासमोरच चालतो आहे, असाच निकाल द्यावा. आत चिठ्ठ्या किती, कोणत्या क्रमाने चढल्या, याची प्रोग्रामरला चौकशी नको. याच विचारावर पुढे जावाचे सुधारलेले नियम आणि २०११ चे सी प्लस प्लसचे नियम उभे राहिले. दोन्ही कामांत अडवे यांचा हात होता.

हे समजल्यावर मी माझा प्रोग्राम पुन्हा लिहिला. फक्त निशाणाची जात बदलली. साध्या चलाऐवजी ते ॲटॉमिक केले. ‘निशाण वर करण्यापूर्वी मी जे जे लिहिले, ते निशाण वर गेलेले पाहणाऱ्याला दिसलेच पाहिजे’ असे वचन भाषेकडून त्यामुळे मिळते. प्रोग्राम त्या लहानशा संगणकावरही बरोबर चालला आणि तरी मित्राच्या प्रोग्रामपेक्षा वेगवान राहिला. म्हणजे वेगाची हौस हा गुन्हा नव्हता. वचन न मागता ते मिळाले आहे असे समजणे, हा गुन्हा होता.

येथे शब्दांचा घोळही सांगितला पाहिजे, कारण त्यात आपले पुष्कळजण अडकतात. जावात ‘व्होलाटाइल’ हा शब्द लावला की थ्रेडमधील क्रमाचे वचन मिळते. सी भाषेत हाच शब्द आहे, पण तेथे ते वचन मिळत नाही. शब्द एक, अर्थ दोन. आपल्या भागात राहणाऱ्यांना हे नवे नसावे. मराठीत ‘अनुमान’ म्हणजे पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष. माझ्या कन्नड वर्गमित्राच्या तोंडी तोच शब्द आला, तर त्याचा अर्थ ‘संशय’. दोन भाषांत वावरणारा माणूस असा शब्द जपून वापरतो. दोन संगणकभाषांत वावरणाऱ्यानेही तेवढी काळजी घ्यायला नको काय?

माझ्या म्हणण्यावर काही आक्षेप येतील याची मला जाणीव आहे. पहिला आक्षेप असा, की एवढ्या खोलात जाण्याची सामान्य प्रोग्रामरला गरज नाही; त्याने मुकाट्याने कुलूप लावावे. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. कुलूप लावावे हे खरेच. पण ‘का’ हे न सांगता दिलेला नियम पहिल्या मोहाला बळी पडतो. मी पडलो. वेग दिसला, टाळ्या मिळाल्या आणि नियम सुटला.

दुसरा आक्षेप असा, की हा दोष यंत्र बनवणाऱ्यांचा आहे. त्यांनीच सरळ अनुक्रमी सुसंगती द्यावी. हा विचार टाकाऊ नाही. याच मार्क हिल यांनी १९९८ मध्ये, प्रोसेसरांनी साधेसोपे नियमच पाळावेत, अशी बाजू हिरिरीने मांडली होती. पण आज जी यंत्रे आपल्या टेबलावर आणि खिशात आहेत ती तशी नाहीत. कंपायलरही क्रम बदलतोच. घर बांधून होईपर्यंत पावसात भिजत राहायचे की छत्री उघडायची?

तिसरा आक्षेप: सामाईक मेमरीच टाळावी. तेही होऊ शकते. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये तयार केलेल्या परम ८००० या महासंगणकात प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची वेगळी मेमरी होती आणि ते एकमेकांना निरोप पाठवून काम करीत. तेथे हा प्रश्न या रूपात उभाच राहत नव्हता. पण आज साध्या मोबाईलमध्येही अनेक कोअर एकाच मेमरीवर काम करतात. टाळू म्हटले तरी प्रश्न टळत नाही.

उलट दिवसेंदिवस तो जवळ येत आहे. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये अॅपल कंपनीने आपल्या संगणकांत इंटेलऐवजी स्वतःचा, एआरएम कुळातील एम-१ प्रोसेसर बसवला. जुने प्रोग्राम नव्या यंत्रावर चालावेत म्हणून एक भाषांतरकार प्रोग्राम दिला. पण नुसते भाषांतर पुरेसे नव्हते. जुन्या प्रोग्रामांना ‘चिठ्ठीवरील नोंदी क्रमाने चढतात’ या इंटेलच्या सवयीची इतकी खात्री होती, की त्या प्रोसेसरमध्ये इंटेलप्रमाणे क्रम पाळण्याची खास सोय ठेवावी लागली. एक कंपनी आपल्या जुन्या ग्राहकांसाठी एवढे करू शकते. माझ्या वीस गुणांच्या प्रोग्रामसाठी कोणी वेगळा प्रोसेसर बनवणार नाही. मद्रासच्या आयआयटीत ‘शक्ती’ हे भारतीय प्रोसेसर तयार झाले आहेत. ते रिस्क-फाईव्ह पद्धतीचे आहेत, आणि त्या पद्धतीच्या मूळ नियमांतही क्रमाबाबत बरीच सूट आहे. म्हणजे स्वदेशी यंत्रावर काम करण्याचा अभिमान बाळगायचा असेल, तरी हे शिकावेच लागेल.

तेव्हा आपल्या विभागातील प्राध्यापकांना आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना तीन नम्र सूचना कराव्याशा वाटतात. पहिली: पीटरसनची रीत शिकवताना ती कोणत्या गृहीतावर खरी आहे ते फळ्यावर लिहावे, आणि प्रयोगशाळेत ती मोडताना दाखवावी. एक तास पुरतो. रसायनाच्या प्रयोगशाळेत लिटमस कागद बुडवून आम्ल की अल्क ते पाहतात. या विषयातील संशोधकही चार-सहा ओळींच्या अशा चाचणी-प्रोग्रामांना ‘लिटमस टेस्ट’ असेच म्हणतात. असल्या चाचण्यांतून २०११ च्या सुमारास एआरएमच्या कॉर्टेक्स-ए९ या प्रोसेसरमध्येच दोष सापडला, आणि कंपनीला तो मान्य करून प्रोग्रामरांना सावधगिरीची सूचना द्यावी लागली. विद्यार्थ्याच्या कुवतीबाहेरचे यात काही नाही.

दुसरी सूचना: थ्रेडच्या प्रात्यक्षिकाला गुण देताना उत्तर बरोबर आले एवढ्यावर भागवू नये. ‘हे उत्तर नेहमी बरोबरच का येईल?’ हा एक प्रश्न तोंडी परीक्षेत अवश्य विचारावा. ज्याला ‘येथे कुलूप आहे म्हणून’ किंवा ‘हे निशाण ॲटॉमिक आहे म्हणून’ असे सांगता येईल, त्याला गुण द्यावेत. ‘दहा वेळा चालवून पाहिला’ असे सांगणाऱ्याचे कापावेत. मला हा प्रश्न कोणी विचारला असता, तर मी त्या दिवशीच उघडा पडलो असतो, आणि ते माझ्या भल्याचे झाले असते.

तिसरी सूचना आपणा विद्यार्थ्यांसाठी. आपला प्रोग्राम किमान दोन जातींच्या यंत्रांवर आणि कंपायलरला वेगाची सूचना देऊन चालवून पाहावा. त्याने प्रोग्राम बरोबर ठरत नाही. पण चुकीचा असेल तर उघडकीस येण्याचा संभव वाढतो. चालणे हा बरोबर असण्याचा पुरावा नव्हे. शंभरदा सुखरूप ओलांडलेल्या पुलाचीही तपासणी करावी लागतेच. उद्या आपल्यापैकी कोणी बँकेसाठी, रुग्णालयातील यंत्रासाठी किंवा रेल्वेच्या सिग्नलसाठी प्रोग्राम लिहील. लाखात एकदा होणारी चूक तेथे लाखात एका माणसाच्या वाट्याला येईल, आणि पुन्हा चालवून पाहिले तर ती दिसणारही नाही.

सुट्टी संपल्यावर मी मित्राला सारे सांगितले. तो रागावेल असे वाटले होते. तो हसून म्हणाला, “मला तरी कुठं ठाऊक होतं रे? सामाईक वस्तूला हात लावायचा तर आधी कुलूप घालायचं म्हणून सरांनी वहीत लिहून दिलेलं, घातलं की.” चिठ्ठी, वही, फेन्स यांतले काहीच त्याला माहीत नव्हते. त्याने फक्त आपल्या बाजूचा करार पाळला होता, आणि यंत्राने त्याच्याशी केलेला पाळला. मी करार पाहिलाच नव्हता आणि त्याचा फायदा तेवढा घेतला होता.

त्याचे सहा गुण मी त्याला देऊ शकत नाही. यंदाच्या परीक्षेत कोणा सावध विद्यार्थ्याचे असे गुण जाऊ नयेत, एवढे झाले तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक होईल.

एक विद्यार्थी, संगणकशास्त्र, अंतिम वर्ष